फुकटचा फोन

परवा आवराआवर करताना अमेरिकेतल्या माझ्या पहिल्या सेलफोनचं कॉन्ट्रॅक्ट सापडलं. फोन फुकट, पण दोन वर्षं आपण बांधलेले. मधेच सोडलं तर १७५ डॉलर दंड, तोही मुंगीएवढ्या अक्षरांत! माझे तीनच महिने उरले होते, तरी पूर्ण १७५ गेले. गुपचूप भरले.

नोव्हेंबर २००३ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता यायला लागली खरी, पण हा दंड वाटेत आडवा. कंपन्या म्हणायच्या, फोनवरची सवलत वसूल नको का व्हायला? बरं बुवा, मग दर महिन्याला दंड कमी का होत नाही? लोक कोर्टात गेले. व्हेरायझनने २००६ मध्ये नव्या ग्राहकांसाठी दरमहा ५ डॉलर कमी करायला सुरुवात केली. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोर्टाने स्प्रिंटचा दंड बेकायदा ठरवला आणि १.८२ कोटी डॉलर परत करायला लावले. आणि गंमत बघा, २००९ मध्ये व्हेरायझनने स्मार्टफोनसाठी दंड थेट ३५० केला! एफसीसीने लगेच जाब विचारला. २०१३ मध्ये टी-मोबाइलने ही दोन वर्षांची बांधीलकीच काढून टाकली.

असो. तो फोन फुकट मिळाला होता असं बायकोला अजून वाटतं.