केक, केक्स आणि केक्से

जर्मनीत कुणी "केक्स घेणार का?" असं विचारलं तर क्रीम लावलेल्या तुकड्याची वाट बघू नका, मंडळी. समोर येतात ती बिस्किटं! केकला इथे 'कूखन' म्हणतात. मग इंग्रजांच्या केकचं इथे बिस्किट कसं झालं?

हेर्मान बाल्सन नावाचा हानोफरचा माणूस साखरेच्या व्यापारानिमित्त इंग्लंडात राहून आला. १८८९ मध्ये त्याने हानोफरमध्ये 'इंग्लिश केक्स आणि बिस्किटं' बनवण्याचा धंदा सुरू केला. १८९१ मध्ये त्याने कडेला दाते असलेलं, बरंचसं आपल्या पार्ले-जीच्या कुळातलं एक बिस्किट काढलं आणि नाव दिलं 'लायब्निझ केक्स'. हो, तोच लायब्निझ, ज्याच्या इंटिग्रलच्या चिन्हाने बारावीत आपल्याला घाम फोडला! तो हानोफरमध्ये चाळीस वर्षं राहिला, बाकी बिस्किटाशी त्याचा संबंध शून्य.

पंचाईत झाली ती स्पेलिंगची. जर्मन माणूस जे लिहिलंय ते वाचतो, त्यामुळे पुड्यावरचं इंग्रजी 'केक्स' लोक 'काकेस' असं वाचू लागले. शेवटी १९११ मध्ये बाल्सनने उच्चाराबरहुकूम जर्मन स्पेलिंगच छापायला घेतलं. इकडे १८८५ पासून परकीय शब्द हुसकावणारी एक भाषासंस्था जोरात होती. 'क्नुस्परशेन', म्हणजे साधारण 'कुरकुरुली', असा शुद्ध जर्मन पर्यायही सुचवला गेला. तो काही कुणाच्या तोंडी बसला नाही. आपल्याकडे सावरकरांचा 'महापौर' रुजला, पण 'दूरध्वनी' कागदावरच राहिला आणि आपण फोनच करतो, तसंच. गंमत म्हणजे १९१५ मध्ये, इंग्लंडशी महायुद्ध चालू असताना, 'केक्स' ड्यूडन या प्रमाण शब्दकोशात दाखल झाला. खंदकात इंग्रज शत्रू, शब्दकोशात इंग्रज पाहुणा! मला तर यात बिस्किटवाल्याने व्याकरणवाल्यांना चीत केल्यासारखं वाटतं.

आता तर तो इतका घरचा झालाय की बोलीभाषेत 'केक्स' म्हणजे डोकं. प्रयोगशाळेत संगणक रुसला की माझा सहकारी म्हणतो, हा माझ्या केक्सवर जातोय. आपण म्हणू, डोकं खातोय.

शिवाय मुळातलं इंग्रजी अनेकवचन इथे एकवचन झालं, म्हणून दोन बिस्किटांना 'केक्से' म्हणतात. अनेकवचनाचं अनेकवचन! हसू नका, टपरीवर "एक माचिस द्या" म्हणताना आपणही 'मॅचेस'चं तेच केलेलं असतं.