प्रेक्षणीयतेची संहिता : पेठ आणि स्थलवर्णनाचा इतिहास

नाशिक जिल्ह्यातील प्रेक्षणीय स्थळांची यादी आता जवळजवळ स्थिर झाली आहे. पंचवटी, काळाराम मंदिर, पांडवलेणी, सरकारवाडा, त्र्यंबकेश्वर, अंजनेरीचे नाणेसंग्रहालय; अलीकडच्या भरीत दादासाहेब फाळके यांचे आणि कुसुमाग्रजांचे स्मारक. माहितीपुस्तिका बदलल्या तरी क्रम फारसा बदलत नाही. जिल्ह्याच्या पश्चिम कडेचा पेठ तालुका या यादीत सहसा नसतो. असलाच तर सावळघाटातील पावसाळी हिरवाईच्या निमित्ताने, म्हणजे गुजरातकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अनुषंगाने असतो. तेथे पाहण्यासारखे काही नाही, असे या अनुल्लेखातून सुचविले जाते. हे विधान वरकरणी वस्तुस्थितिदर्शक वाटते. परंतु 'पाहण्यासारखे' काय, याचा निर्णय स्थळ स्वतः करीत नाही. तो स्थळाविषयीची संहिता करते. म्हणून पेठची अनुपस्थिती हा भूगोलाचा प्रश्न नसून स्थलवर्णन या लेखनप्रकाराच्या संकेतांचा प्रश्न आहे, आणि तो त्या प्रकाराच्या इतिहासातच शोधावा लागतो.

मराठी परंपरेत स्थलवर्णनाची निदान दोन जुनी प्रारूपे दिसतात. पहिले माहात्म्याचे. ब्रह्मपुराणात अंतर्भूत असलेले गौतमीमाहात्म्य गोदावरीच्या तीर्थांची मालिका उभी करते. तीर्थ हे तेथे फलश्रुतीमुळे महत्त्वाचे ठरते. स्नान, दान, श्राद्ध या कृतींशी ते बांधलेले असते. दुसरे प्रारूप महानुभावांच्या 'स्थानपोथी'चे. चक्रधरस्वामी जेथे जेथे गेले, बसले, राहिले, त्या स्थानांची नोंद ही पोथी करते. देऊळ कोणत्या तोंडाचे, स्थान कोणत्या दिशेला, कशाच्या शेजारी, हे ती काटेकोरपणे सांगते. मात्र वास्तूच्या भव्यतेशी तिला कर्तव्य नाही. ओटा असो, झाडाखालची जागा असो, तेथे काय घडले यावर स्थानाचे मोल ठरते. स्थानपोथीतील स्थळ ही एक स्मृती आहे, आणि वास्तू नाहीशी झाली तरी ती स्मृती नाहीशी होऊ नये हा त्या लेखनामागचा हेतू आहे. मराठीत स्थलवर्णनाचा आरंभ अशा रीतीने 'दर्शनीय' वस्तूपासून नव्हे, तर घटनेपासून झालेला आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची ठरते.

एकोणिसाव्या शतकात हा संकेत बदलला. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात शहर हे कुतूहलाने पाहायचे, मोजायचे आणि प्रगतीची साक्ष म्हणून मांडायचे दृश्य बनले. या दृष्टीला प्रशासकीय पूर्णता दिली ती जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरने. नाशिक जिल्ह्याचा सोळावा खंड १८८३ चा. भूवर्णन, उत्पन्न, लोकसंख्या, शेती, व्यापार, इतिहास, जमीनमहसूल, न्याय अशा क्रमाने जिल्ह्याचा हिशेब मांडून झाल्यावर ग्रंथाच्या अखेरच्या प्रकरणात 'स्थळे' येतात. आजच्या प्रेक्षणीय स्थळांच्या याद्यांचे पितृत्व बव्हंशी या प्रकरणाकडे जाते.

या खंडाचे विद्वत्तामूल्य नाकारण्याचे कारण नाही. पांडवलेण्यांतील शिलालेखांचे विवेचन त्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या एतद्देशीय अभ्यासकाच्या श्रमातून आले. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील, गौतमी बलश्रीचा लेख आज सातवाहन इतिहासाचा आधारस्तंभ मानला जातो. या लेखात एक सूचक गोष्ट आढळते. आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याचे वर्णन करताना बलश्री त्याला विंध्य, सह्य, मलय इत्यादी पर्वतांचा स्वामी म्हणते. पर्वतांची नावे एकापुढे एक मांडली जातात आणि त्या मांडणीतूनच सत्तेचा विस्तार सिद्ध होतो. स्थळांची यादी ही सत्तेची भाषा असते, याचा नाशिकमधील हा कदाचित सर्वांत जुना लिखित पुरावा होय. सह्याद्रीचे नाव त्या यादीत आहे. सह्याद्रीत राहणाऱ्यांचे नाही.

गॅझेटियरमध्ये पेठ अनुपस्थित नाही. इंग्रजी दप्तराने 'पेइंट' असे रूप दिलेले हे गाव तेथे एका लहान संस्थानाचे ठिकाण म्हणून येते. दळवी घराण्याकडे ही सत्ता होती. सतराव्या शतकात मोगलांच्या आश्रयाने या घराण्यातील एका राजाने इस्लाम स्वीकारल्याची हकिकतही तेथे नोंदलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थान बेगमेच्या नावे आणि इंग्रजांच्या व्यवस्थेखाली होते. १८७८ मध्ये बेगमेच्या निधनानंतर ते खालसा होऊन नाशिक जिल्ह्यात समाविष्ट झाले. म्हणजे गॅझेटियरचा खंड सिद्ध होत असताना पेठ हा सरकारच्या ताब्यात नुकताच आलेला मुलूख होता. त्याचे वर्णन करणे हा तो ताबा पक्का करण्याचाच एक भाग होता.

या दोन टोकांच्या मध्ये १८५७ आहे. त्या वर्षीच्या उठावाच्या नाशिककडील प्रकरणात भागोजी नाईकांचे नाव पुढे येते. ऑक्टोबरात नांदूरशिंगोट्याजवळ झालेल्या चकमकीत लेफ्टनंट हेन्री मारला गेला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्र्यंबकवर हल्ला झाला आणि त्याच सुमारास, तेव्हा पेठच्या मुलखात असलेल्या हरसूलचा बाजार लुटला गेला. पेठच्या गादीवर हक्क सांगणारे भगवंतराव नीळकंठराव यांना या उठावाबद्दल फाशी देण्यात आली, त्यांच्याबरोबर इतरांनाही. ही माहिती गॅझेटियरमधूनच मिळते. परंतु ती कोठे मिळते, हे पाहिले पाहिजे. ती इतिहासाच्या प्रकरणात 'बंदोबस्ता'च्या कथनात येते. तेथे तिचे व्याकरण शांतताभंगाचे आणि शांतता पुनःस्थापित केल्याचे असते. कर्ता सरकार, आणि डोंगरातील माणसे कर्म. एकाच ग्रंथात घटना एका प्रकरणात आणि स्थळे दुसऱ्या प्रकरणात, अशी ही विभागणी आहे. स्थानपोथीने जे एकत्र बांधले होते ते येथे सुटे झाले. जेथे वास्तू उरली ते स्थळ झाले; जेथे केवळ घटना घडली ते प्रशासकीय अहवालाचा तपशील झाले.

या विभागणीचा परिणाम काळाराम मंदिराच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधविलेले हे काळ्या दगडाचे मंदिर वास्तू म्हणून यादीत पूर्वीच होते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तेथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि मंदिराचा अर्थच बदलला. आज त्या सत्याग्रहाचा उल्लेख मंदिराच्या वर्णनात येऊ शकतो, कारण दरवाजा जागेवर आहे. घटनेला टेकण्यासाठी भिंत मिळाली. हरसूलच्या बाजाराला अशी भिंत नाही. आठवडी बाजार भरतो आणि उठतो. त्याच्या जागेवर दुसऱ्या दिवशी पाहण्यासारखे काही उरत नाही.

संग्रहालयाच्या बाबतीत हाच संकेत अधिक कठोर होतो. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी नहपानाची, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली. जिंकलेल्याच्या चेहऱ्यावर जेत्याने उमटविलेला हा ठसा इतिहासकाराला थेट वाचता येतो. १९८० मध्ये स्थापन झालेल्या अंजनेरीच्या मुद्राशास्त्रीय संशोधनसंस्थेमुळे या विद्येला नाशिक परिसरातच घर मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु धातू आणि दगड यांना मिळणारे हे अभय लाकूड, माती, बांबू आणि कंठ यांना मिळत नाही. पेठच्या कोकणा, वारली, महादेव कोळी समाजांची संस्कृती प्रामुख्याने या नाशवंत माध्यमांत वसलेली आहे. कणसरी ही धान्याची देवता नागली-वरईच्या कणसात असते. डोंगऱ्यादेवाचा उत्सव डोंगराच्या सान्निध्याशिवाय होत नाही. बोहाड्यातील मुखवटा रात्रभर वाद्यांच्या तालावर नाचतो तेव्हाच तो देव असतो. त्याला काचेच्या कपाटात ठेवून खाली पट्टी लावली की तो 'काष्ठशिल्प' होतो. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयासारख्या ठिकाणी आदिवासींच्या वस्तू जपल्या जातात, त्यांचे मोल आहेच. परंतु वस्तू शहरात आणि तिचा व्यवहार डोंगरात, अशी फाळणी त्यातून अटळपणे होते. पाहणारा एकीकडे आणि पाहिला जाणारा दुसरीकडे, ही संग्रहालयाची मूलभूत रचना आहे.

पाश्चात्य समीक्षेने या रचनेची चिकित्सा पूर्वीच केलेली आहे. रोलां बार्थ यांनी १९५७ च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये 'गीद ब्ल्यू' या प्रवासपुस्तिकेचे विश्लेषण करताना, स्मारकांच्या गर्दीत त्या भूमीतील जिवंत माणसे कशी नाहीशी होतात हे दाखविले. बेनेडिक्ट अँडरसन यांनी 'इमॅजिन्ड कम्युनिटीज'च्या १९९१ च्या आवृत्तीत जनगणना, नकाशा आणि संग्रहालय या तीन संस्थांना वसाहती सत्तेच्या कल्पनाशक्तीची साधने मानले. मात्र या विवेचनाचा नुसता अनुवाद करून भागत नाही. युरोपातील शहराचा झगडा बहुधा असलेल्या स्मारकांच्या अर्थाविषयीचा असतो. युक्रेनमधील ओडेसाचे उदाहरण घेता येईल. तेथील बंदराकडे उतरणाऱ्या भव्य पायऱ्या आज जगभर 'पोटेम्किन पायऱ्या' म्हणून ओळखल्या जातात त्या आयझेनस्टाइनच्या १९२५ च्या चित्रपटामुळे. चित्रपटाच्या संहितेने दगडाला नाव दिले. त्याच शहरात १९०० मध्ये उभारलेले कॅथरीन राणीचे स्मारक बोल्शेविकांनी १९२० मध्ये हटविले, २००७ मध्ये ते पुन्हा बसविले गेले, आणि रशियाच्या आक्रमणानंतर, डिसेंबर २०२२ मध्ये, पुन्हा उतरविले गेले. पुढच्याच महिन्यात शहराचा ऐतिहासिक मध्यभाग जागतिक वारसा यादीत आणि त्याचबरोबर धोक्यातील वारशाच्या यादीतही नोंदला गेला. तेथे पुतळा उभारता येतो, पाडता येतो, त्यावर वाद घालता येतो. पेठमध्ये पाडण्यासारखेही काही ठेवले गेले नाही. वसाहती सत्तेने तेथे स्वतःचे स्मारक उभारण्याची गरज मानली नाही. नोंद पुरेशी होती. हा फरक सैद्धान्तिकदृष्ट्या महत्त्वाचा आहे. अर्थाचा अपहार आणि अर्थाचा अनुल्लेख या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि दुसरीचा प्रतिकार अधिक अवघड असतो.

यावर सुचविला जाणारा सरळ उपाय म्हणजे पेठलाही यादीत स्थान द्यावे, फाशी गेलेल्यांचे भव्य स्मारक उभारावे. ही मागणी न्याय्य आहे; तथापि तिच्यातील पेच दृष्टिआड करता येत नाही. स्मारकावर ज्याचे नाव सहज येईल ते भगवंतरावांचे. कारण ते गादीचे दावेदार होते आणि दप्तराला गादीची भाषा कळत होती. हरसूलच्या बाजारात जे शेकडो हात गेले ते सावकारी आणि सरकारी जाचाला कोणत्या अर्थाने उत्तर देत होते, त्यांना गादी हवी होती की जंगल, हे त्या दप्तराने विचारलेच नाही. राजाचे स्मारक उभे राहिले की त्यांचे अनामिकत्व दगडात कायम होण्याचा धोका असतो. याच्या उलट टोकाला, पेठची ओळख 'निसर्गरम्य आदिवासी भाग' अशी करून देणारे पर्यटनी लेखन आहे. त्यात अनामिकत्व हेच आकर्षण ठरते. माणसे ऋतूसारखी येतात, इतिहासासारखी येत नाहीत. पहिल्या पर्यायात इतिहास आहे पण लोक नाहीत, दुसऱ्यात लोक आहेत पण त्यांना इतिहास नाही.

या पेचातून बाहेर पडण्याची दिशा मराठीच्या स्वतःच्या परंपरेत सापडू शकते. स्थानपोथीने दाखविलेला मार्ग वास्तूविना स्थान नोंदविण्याचा आहे : येथे अमुक घडले, त्याच्या पूर्वेला अमुक, उत्तरेला अमुक. ज्यांना त्या स्थानाशी कर्तव्य होते त्यांनीच ती नोंद केली, हे तिचे दुसरे वैशिष्ट्य. अर्थात स्थानपोथीच्या केंद्रस्थानी एक अवतारपुरुष होता आणि तिचे जतन करणारा संघटित पंथ होता. पेठच्या स्मृतीला असे केंद्र नाही. तिची केंद्रे अनेक आहेत : कोकणा बोलीतील टेकड्यांची आणि ओहोळांची नावे, गावदेवीच्या सीमा, बोहाड्यातील सोंगांचा क्रम, वाड्यावस्त्यांवर सांगितल्या जाणाऱ्या हकिकती. ही सामग्री लोकसाहित्याच्या खात्यात टाकून देण्याची आपल्या विद्यापीठीय अभ्यासाची सवय आहे. लोकसाहित्य म्हटले की कालनिरपेक्षता गृहीत धरली जाते. एखाद्या टेकडीच्या नावात विशिष्ट वर्षाचा प्रसंग दडलेला असेल ही शक्यताच मग विचारात घेतली जात नाही.

स्थलवर्णनाला मराठी वाङ्मयेतिहासात स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणून अद्याप फारसे स्थान मिळालेले नाही. माहात्म्य धार्मिक वाङ्मयात, स्थानपोथी महानुभाव वाङ्मयात, 'मुंबईचे वर्णन' आरंभीच्या गद्यात आणि गॅझेटियर वाङ्मयाबाहेर, अशी त्याची वाटणी झालेली आहे. या वाटणीमुळे एका संहितेने दुसऱ्या संहितेचे संकेत कसे मोडले, हे दिसेनासे होते. ते दिसू लागले तर प्रेक्षणीय स्थळांची यादी ही निरुपद्रवी माहिती न राहता समीक्षेचा विषय होईल. पेठचे त्या यादीतील स्थान हा मग दुय्यम प्रश्न ठरेल. मुख्य प्रश्न असा राहील की, सावळघाट उतरणाऱ्या रस्त्यावर नाशिककडून येणारा डोळा जे पाहतो, आणि हरसूलच्या बाजारादिवशी त्याच डोंगरातून डोक्यावर पाटी घेऊन येणारी बाई ज्या खुणांनी वाट ओळखते, यांपैकी कोणत्या वर्णनाला मराठी अभ्यासक 'स्थळ' म्हणणार आहेत.