भूवैज्ञानिक क्षेत्राभ्यास, महासाथीच्या काळातील

भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना खडक, त्यांची संरचना व त्यांचे परस्परसंबंध यांचे प्रत्यक्ष जागेवर निरीक्षण, मापन व नकाशांकन करण्याचे जे शिक्षण दिले जाते, त्यास क्षेत्राभ्यास म्हणतात. कोविड-१९ या रोगाच्या महासाथीमुळे २०२० पासून सु. दोन वर्षे अनेक देशांतील विद्यापीठांत हे शिक्षण खंडित झाले किंवा त्याचे स्वरूप बदलावे लागले. क्षेत्राभ्यासाचा कोणता भाग संगणकाच्या पडद्यावर आणता येतो व कोणता येत नाही, याची छाननी करणे त्यामुळे भाग पडले. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे ब्रिटनमधील व अनुषंगाने अमेरिका आणि महाराष्ट्र येथील परिस्थितीचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : केंब्रिज येथे १८१८ मध्ये वुडवर्डियन प्राध्यापक झालेले अ‍ॅडम सेज्विक (१७८५–१८७३) हे विद्यार्थ्यांना घोड्यावरून सहलींस नेत, तर ऑक्सफर्ड येथील विल्यम बकलंड (१७८४–१८५६) आपली काही व्याख्याने उघड्यावर देत. ऑगस्ट १८३१ मध्ये चार्ल्स डार्विन सेज्विक यांच्याबरोबर उत्तर वेल्समध्ये हिंडले. तेथे मिळालेले अल्पकाळाचे शिक्षण त्यांना त्याच वर्षअखेरीस सुरू झालेल्या ‘बीगल’ जहाजावरील सफरीत उपयोगी पडले. १८७१ मध्ये एडिंबरो येथे प्राध्यापक झालेल्या आर्चिबाल्ड गीकी यांनी सहलींना अध्यापनात महत्त्वाचे स्थान दिले. अमेरिकेत मिसूरी विद्यापीठाने १९११ मध्ये आणि मिशिगन विद्यापीठाने १९२९ मध्ये वायोमिंग राज्यात क्षेत्रशिबिरे स्थापन केली. ब्रिटनमध्ये दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात विद्यार्थ्याने, बहुधा एका जोडीदारासह, काही आठवडे राहून काही चौ. किमी. प्रदेशाचा नकाशा स्वतंत्रपणे तयार करावयाचा, अशी प्रथा रूढ झाली. हा नकाशा म्हणजे विद्यार्थ्याच्या व्यावसायिक पात्रतेची कसोटीच मानली जाते.

२००१ मधील खंड : क्षेत्राभ्यास रोगामुळे बंद पडण्याचा अनुभव ब्रिटनला यापूर्वीही आला होता. फेब्रुवारी २००१ मध्ये तेथे गुरांच्या लाळ-खुरकत रोगाची साथ उद्भवली. साथ आटोक्यात येईपर्यंत ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. संसर्ग पसरू नये म्हणून ग्रामीण भागातील पायवाटा बंद करण्यात आल्या. कंब्रिया परगण्याला या साथीचा फार मोठा तडाखा बसला आणि नकाशांकनासाठी नेहमी निवडला जाणारा लेक डिस्ट्रिक्टचा डोंगराळ प्रदेश याच परगण्यात आहे. फुलर, गॅस्किन व स्कॉट यांनी या खंडाचा उपयोग करून भूगोल व पर्यावरणविज्ञान यांच्या विद्यार्थ्यांची मते अभ्यासली. त्यांचा लेख २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षेत्रकार्यामुळे विषय प्रत्यक्षात उतरतो, तसेच सहाध्यायी व अध्यापक यांच्यासमवेत काम करण्याची सवय लागते, असे विद्यार्थ्यांना वाटत असल्याचे त्यातून दिसून आले. मात्र ही अडचण तात्पुरती मानली गेल्याने पर्यायी पद्धतींची व्यापक उभारणी त्या वेळी झाली नाही.

२०२० मधील खंड : जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले आणि २३ मार्च रोजी ब्रिटनमध्ये टाळेबंदी घोषित झाली. ईस्टरच्या सुटीत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, तेथील अनेक क्षेत्रसहली योजलेल्या असतात. त्या रद्द झाल्या आणि पाठोपाठ उन्हाळ्यातील नकाशांकनही अनिश्चित झाले. क्षेत्राभ्यासाची रचनाच संसर्गाला पोषक अशी असते. बसमधून एकत्र प्रवास, सामायिक निवास व भोजन आणि अरुंद दृश्यांशाभोवती (उघड्या पडलेल्या खडकाभोवती) दाटीने उभे राहून अध्यापकाचे बोलणे ऐकणे, हे तिचे नित्याचे घटक होत. भिंग डोळ्याजवळ धरून पाहिल्यावर ते शेजाऱ्याच्या हाती दिले जाते. अतिसूक्ष्मकणी खडकाचा कण दातांखाली करकरतो की नाही, यावरून त्यात चिकणमातीहून भरड कण आहेत काय ते ठरविण्याची जुनी रीतही अशा वेळी अनुचित ठरते. पुढे सहली पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा लहान गट, ज्याची त्याची स्वतंत्र उपकरणे, मुखपट्टी आणि मुक्कामाऐवजी दिवसापुरती सहल असे बदल करण्यात आले.

पर्यायी पद्धती : काही साधने महासाथीपूर्वीच तयार होती. ओपन युनिव्हर्सिटीने लेक डिस्ट्रिक्टमधील स्किडॉ परिसराचे, तर लीड्स विद्यापीठाने नकाशांकनाच्या सरावासाठी काल्पनिक भूप्रदेशांचे संगणकीय त्रिमितीय प्रतिरूप निर्माण केले होते. याखेरीज मानवरहित लहान विमानातून (ड्रोनमधून) किंवा जमिनीवरून परस्परव्यापी छायाचित्रे घेऊन दृश्यांशाचे त्रिमितीय प्रतिरूप बनविण्याची पद्धत प्रचारात आली होती. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंनी प्रतल निश्चित होते. म्हणून अशा प्रतिरूपातील स्तरपृष्ठावर तीन बिंदू निवडले असता त्या स्तराची नती व नतिलंब यांचे गणन करता येते. उपग्रहीय प्रतिमा, जुनी क्षेत्रटिपणे, नमुन्यांची छायाचित्रे व पातळ छेद यांची जोड देऊन अध्यापकांनी संपूर्ण अभ्यासक्रम बेतले.

अमेरिकेत २०२० च्या उन्हाळ्यातील अनेक क्षेत्रशिबिरे रद्द झाली. तेथील भूविज्ञान-शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पुढाकाराने अध्यापकांनी एकत्र येऊन अशा शिबिरातून साध्य व्हावयाची नऊ उद्दिष्टे निश्चित केली. प्रश्नाच्या उत्तरासाठी माहिती मिळविण्याची योजना आखणे, पुरेशी व अचूक माहिती नोंदणे, तिचे स्थल व काल यांच्या संदर्भात एकत्रीकरण करणे, अनिश्चितता ध्यानात घेऊन युक्तिवाद मांडणे इ. गोष्टींचा त्यांत समावेश आहे. शिक्षणाचे माप घराबाहेर काढलेल्या दिवसांऐवजी संपादन केलेल्या कौशल्यावरून ठरवावे, असा विचार यामागे होता.

मर्यादा : मापन, आलेखन व अर्थबोधन ही कार्ये पडद्यावर बऱ्याच अंशी साधतात. खडकाचा ताजा भंग, काठिण्य, वजन व विरल हायड्रोक्लोरिक अम्लाशी होणारी विक्रिया मात्र पडद्यावर केवळ सांगितली जाते, अनुभवता येत नाही. यांहून महत्त्वाची उणीव निवडीसंबंधीची आहे. प्रतिरूपासाठी दृश्यांश निवडणाऱ्याने काय पाहण्याजोगे आहे हे आधीच ठरविलेले असते. प्रत्यक्ष क्षेत्रात बहुतेक भूमी माती, गवत व झुडपे यांनी झाकलेली असते. कोणत्या ओढ्यात उतरावे, कोठे थांबावे आणि दोन दृश्यांशांमधील रिकाम्या जागेतून सीमारेषा कशी न्यावी, याचा निर्णय विद्यार्थ्याला थकलेल्या अवस्थेत व अपुऱ्या वेळात घ्यावा लागतो. चुकीचा तर्क पुढच्या दृश्यांशाने खोडून काढला, म्हणजे विवेक घडतो. नऊ उद्दिष्टांपैकी पहिले, म्हणजे योजना आखण्याचे उद्दिष्ट पडद्यावर गाठणे म्हणूनच सर्वांत कठीण होय.

दुसऱ्या बाजूने, जुन्या पद्धतीतील एक अन्यायही या काळात ठळक झाला. स्कॉटलंडमधील सिकार पॉइंट येथे उभ्या ग्रेवॅक स्तरांवर तांबडा वालुकाश्म मंद नतीने टेकलेला आहे. १७८८ मध्ये जेम्स हटन तेथे नावेने पोहोचले. आज तेथे जाण्यासाठी तीव्र उताराचे गवताळ रान उतरावे लागते. अपंग, आजारी, घरी कोणाची शुश्रूषा करावी लागणारे आणि प्रवासखर्च न झेपणारे विद्यार्थी अशा स्थळांपासून पूर्वीही वंचितच होते. पर्यायी अभ्यासक्रम सर्वांना द्यावा लागला, तेव्हाच त्यांच्यासाठी तो आधीही देता आला असता हे स्पष्ट झाले.

महाराष्ट्रातील परिस्थिती : भारतात २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी अमलात आली आणि विद्यापीठांचे अध्यापन दूरस्थ पद्धतीने चालू झाले. महाराष्ट्राचा सु. ८० टक्के भाग बेसाल्टी लाव्हा प्रवाहांनी व्यापलेला आहे [⟶ दक्षिण ट्रॅप]. त्यामुळे घड्या पडलेले व रूपांतरित खडक पाहण्यासाठी येथील बहुसंख्य विद्यार्थ्यांना सिंधुदुर्ग, नागपूर-भंडारा परिसर किंवा राजस्थान, कर्नाटक यांसारखी राज्ये गाठावी लागतात. साहजिकच प्रवासबंदीचा अर्थ येथे अधिक गंभीर होता. दीर्घ सहल चुकलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने पट्टिताश्म (नाइस) हा पेटीतील नमुनाच राहतो. तथापि दोन प्रवाहांमधील तांबडा मृत्तिकामय थर, झिओलाइटांनी भरलेल्या पोकळ्या, भित्ती आणि स्तंभाकार संधी गावालगतच्या खाणीत किंवा घाटरस्त्याच्या कापात पाहता येतात. दूरच्या सहलीला पूरक म्हणून जवळच्या खडकाचा काटेकोर नकाशा करविण्याचा मार्ग येथे उपलब्ध आहे.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ संबंधीची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्यापूर्वीच क्षेत्रसहली बव्हंशी पूर्ववत झाल्या होत्या. त्रिमितीय प्रतिरूपे पूर्वतयारीसाठी, उजळणीसाठी व क्षेत्रात जाऊ न शकणाऱ्यांसाठी उपयुक्त ठरली आहेत. खडकापर्यंत चालत जाऊन आपला तर्क तपासण्याची जागा मात्र ती घेऊ शकलेली नाहीत.