थोरलीचा शब्द, धाकट्या तिघी आणि न्यायालय

इंग्लंड, १९९३. पंधरा वर्षांच्या एका मुलीने पोलिसांना सांगितले, की आईसोबत राहणारा पुरुष आपल्यावर लहानपणापासून लैंगिक अत्याचार करीत आला आहे. फौजदारी खटल्यात तो निर्दोष सुटला. थोरली तोवर दुसऱ्या कुटुंबाच्या आश्रयाला गेली होती. तिच्या तीन धाकट्या बहिणी मात्र त्याच घरात होत्या. त्यांना आईपासून दूर करावे काय?

भावंडांचा प्रश्न कायद्याला नवा नव्हता. अत्याचार झालेल्या मुलासोबत एकाच घरात राहणाऱ्या मुलालाही संरक्षण देता येईल, अशी तरतूद १९३३ च्या कायद्यातच होती. १९६९ च्या कायद्याने न्यायालयाला पुढचा विचार करू दिला : घरातील एका मुलाची हानी सिद्ध झाली असेल, तर दुसऱ्याचीही होणे संभवते काय? १९८९ च्या कायद्याने शब्दरचना व्यापक केली. मुलाला गंभीर इजा होत असेल किंवा होण्याची शक्यता असेल, तर त्याला स्थानिक प्रशासनाच्या हवाली करता येऊ लागले.

पण ‘शक्यता’ कशावरून ठरवायची?

थोरलीचे म्हणणे खरे असू शकते, असे खालच्या न्यायाधीशांनाही वाटत होते. मात्र ते सिद्ध झाले, असे त्यांना म्हणता येईना. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्‌सपर्यंत गेले आणि डिसेंबर १९९५ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल लागला. बहुमताच्या वतीने लॉर्ड निकोल्स यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. भविष्यातील इजेची शक्यता पन्नास टक्क्यांहून अधिक असलीच पाहिजे असे नाही. दुर्लक्ष करता येणार नाही इतका खराखुरा धोका पुरे. मात्र तो धोका ज्या घटनांवरून काढायचा, त्या घटना सिद्ध झालेल्या हव्यात. संशय कितीही दाट असला तरी तो पुरावा नव्हे. धाकट्या तिघी घरीच राहिल्या.

विरोधी मत देणाऱ्या लॉर्ड ब्राउन-विल्किन्सन यांचा दाखला आजही अस्वस्थ करतो : विमाने येत असल्याच्या अनेक खबरा आल्या, ती शत्रूचीच आहेत हे त्यांतील एकाही खबरीवरून सिद्ध झाले नसले, तरी हल्ल्याचा धोका नव्हता असे कोण म्हणेल? युक्तिवाद बिनतोड वाटतो. अडचण इतकीच, की बहुमताला खबरा नव्हे, सिद्ध झालेल्या घटना हव्या होत्या.

२०१३ मध्ये हीच कसोटी आणखी कठीण प्रसंगी लागली. एका स्त्रीचे तान्हे मूल २००४ मध्ये मरण पावले होते. दोषी तिच्यासह दोन पालकांपैकी कोणीतरी, इतकेच आधीच्या न्यायालयाला सांगता आले होते. पुढे तिने दुसऱ्या पुरुषाशी संसार थाटला आणि प्रशासनाने त्या घरातील मुलांसाठी धाव घेतली. आधार एकच, तिच्यावरील तो अर्धा संशय. सर्वोच्च न्यायालयाने तो अपुरा ठरविला. तिने मुलाला वाचविण्यात कसूर केली किंवा इजा लपविली, अशा बाबींचा विचार होऊ शकला असता. प्रशासनाने मात्र त्या बाबींवर भिस्त ठेवलीच नव्हती.