पलंगपोसावरचे झाड

पलंगपोस हा शब्द मराठी घरांत जुनाच आहे. इंग्रजांच्या जिभेवर त्याचा ‘पॅलमपोर’ झाला. सतराव्या-अठराव्या शतकांत पूर्व किनाऱ्यावर, विशेषतः मच्छलीपट्टणच्या परिसरात, हाताने रंगविलेले हे सुती पलंगपोस युरोपातील श्रीमंतांच्या शयनगृहांत जाऊन पोहोचले. त्यांवर बहुधा एकच चित्र असे: खडकाळ टेकडीतून उगवलेले एक नागमोडी झाड, आणि एकाच खोडावर फुललेली परस्परांशी नाते नसलेली नाना जातींची फुले.

या झाडाला पुढे ‘जीवनवृक्ष’ म्हणण्याचा प्रघात पडला. आपल्याला ते पाहून कल्पवृक्ष आठवतो. कागदपत्रे मात्र निराळे काही सांगतात. १६४३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या चालकांनी सुरतेच्या वखारीला कळविले की, गडद तांबड्या जमिनीच्या रजयांना इकडे मागणी नाही. जमीन अधिक पांढरी ठेवावी, आणि मध्यभागी रंगीत फुले व फांद्या चिताऱ्याच्या मर्जीप्रमाणे काढाव्यात. इराणी वेल, चिनी धाटणीचे खडक आणि इंग्रजी भरतकामाची वळणे या झाडात एकत्र नांदतात ती या व्यापारामुळे. तेव्हा त्याचा अर्थ पुराणांत शोधण्यापूर्वी वखारीच्या दप्तरात शोधावा, असे मला वाटते. तरीही ‘चिताऱ्याच्या मर्जीप्रमाणे’ हे शब्द विसरता येत नाहीत. त्या मर्जीतले किती त्याच्या देवळातून आले आणि किती परसातून, हे कोणत्या दप्तरात सापडणार?

त्याचे काम मोठ्या चिकाटीचे. कापड हिरडा व म्हशीचे दूध यांत भिजवायचे, कलमाने तुरटीचे द्रावण रेखायचे, मग चायमुळाच्या काढ्यात उकळायचे. तुरटी लागली तेथेच तांबडा रंग धरे. निळीत बुडविण्यापूर्वी बाकीचा भाग मेणाने झाकावा लागे.

हे कापड इतके लोकप्रिय झाले की फ्रान्सने १६८६ साली त्यावर बंदी घातली. १७१९ साली लंडनच्या विणकऱ्यांनी रस्त्यात चिटाची वस्त्रे ल्यालेल्या स्त्रियांवर हल्ले केले, आणि १७२१च्या कायद्याने अंगावरचे चीटच नव्हे, तर घरातले पडदे व बिछानेही निषिद्ध ठरविले. प्रख्यात नट डेव्हिड गॅरिक यांच्या पलंगासाठी मच्छलीपट्टणहून आलेले कापडदेखील पुढे जकातवाल्यांनी अडकवून ठेवले होते.

संग्रहालयांत उरलेल्या पलंगपोसांवर आज पुष्कळदा पाने निळी दिसतात. चिताऱ्याने ती हिरवी केली होती. निळीवर हाताने दिलेला पिवळा रंग कच्चा, तो उन्हापाण्याने उडून गेला. तांबडी फुले तशीच आहेत.