पाच कोटी बेवारस नोंदी आणि माझे पाच महिने

नोव्हेंबर 2020. टोकियोतल्या माझ्या पत्रपेटीत एक चिकटवलेलं, सोलून उघडायचं पोस्टकार्ड येऊन पडलं. त्याचं नाव 'नेनकिन तेइकिबिन'. नेनकिन म्हणजे पेन्शन, आणि तेइकिबिन म्हणजे ठराविक वेळेला येणारं पत्र. दर वर्षी वाढदिवसाच्या महिन्यात ते येतं. आधीच्या दोन वर्षांची कार्डं मी न उघडताच कचऱ्यात टाकली होती. सगळं जपानीत, आणि पेन्शन काय, पासष्टाव्या वर्षी बघू, असा विचार! पण 2020 मध्ये कोविडमुळे घरीच बसलो होतो, म्हणून उघडलं. आतापर्यंत वर्गणी भरलेले एकूण महिने: 5.

पाच? राव, मी ऑक्टोबर 2017 पासून जपानमध्ये नोकरी करत होतो. एप्रिल 2020 मध्ये कंपनी बदलली, म्हणजे पाच महिने हे फक्त नव्या कंपनीचे झाले. जुन्या कंपनीनं दर महिन्याला पगारातून 23,790 येन कापले होते, ते गेले कुठं?

रात्री बाबांना फोन केला. बाबा जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले, सेवापुस्तक हा त्यांचा आवडता धर्मग्रंथ. सगळं ऐकून एवढंच विचारलं, "पगाराच्या स्लिपा आहेत का?"

"आहेत बाबा, तुम्हीच सांगितलं होतं ना टाकू नकोस म्हणून."

"मग घाबरतोस कशाला? पण एक लक्षात ठेव, स्लिपेवर पैसे कापल्याचं लिहिलंय. भरल्याचं नाही."

हे वाक्य डोक्यात बसलं. पेन्शन ऑफिसची अपॉइंटमेंट दहा दिवसांनंतरची मिळाली, आणि त्या दहा दिवसांत मी हे पोस्टकार्ड मुळात येतं कशासाठी ते शोधत बसलो. जे सापडलं ते आपल्यासारख्या डेटाबेसवाल्यांनी वाचावंच असं आहे, म्हणून हा लेख.

तर मंडळी, जपानमध्ये नोकरदारांच्या पेन्शनचा कायदा झाला 1941 साली आणि लागू झाला 1942 मध्ये. सुरुवातीला तो फक्त कारखान्यातल्या पुरुष कामगारांसाठी होता. 1944 मध्ये त्यात स्त्रिया आणि ऑफिसात काम करणारे आले आणि नाव पडलं 'कोसेई नेनकिन'. वर्गणी आज घ्यायची, पेन्शन वीस वर्षं भरल्यावर द्यायची. ऐन युद्धात सरकारला हा पैसा किती सोयीचा वाटला असेल ते सांगायला नको. शेतकरी, दुकानदार वगैरेंसाठी वेगळी राष्ट्रीय पेन्शन आली. तिचा कायदा 1959 चा आणि वर्गणी 1961 पासून. ही वर्गणी नगरपालिका गोळा करायच्या, वहीत तिकिटं चिकटवून! परदेशी माणसाला मात्र या राष्ट्रीय पेन्शनमध्ये जागा नव्हती. निर्वासितांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारल्यावर 1982 मध्ये ती अट गेली.

आता गंमत बघा. प्रत्येक योजनेचा नंबर वेगळा. माणसानं नोकरी सोडून दुकान टाकलं की नवा नंबर, परत नोकरी धरली की कधी जुना, कधी आणखी एक नवा. हे सगळं कागदी वह्यांमध्ये. तिथून पंच कार्डवर, मग टेपवर, मग ऑनलाइन यंत्रणेत. आपण याला 'डेटा मायग्रेशन' म्हणतो आणि एस्टिमेटमध्ये दोन आठवडे लिहून मोकळे होतो. जपानमध्ये ते काही दशकं चाललं.

आणि त्यात जपानी नावं! कांजी लिपीत लिहिलेलं नाव एकच, पण उच्चार दोन-तीन. एकच जोडी युको वाचता येते आणि हिरोकोसुद्धा. वहीत नाव कांजीत, संगणकात मात्र उच्चारानुसार कानात. मग उच्चार कोण ठरवणार? काही ठिकाणी टाइप करणाऱ्यानं ठरवला, काही ठिकाणी आपोआप रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामनं. बाईला कुणी विचारलंच नाही की तुम्ही युको की हिरोको. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचे तर आणखी हाल. (आपल्याकडे माहेरच्या नावाचं पीएफ खातं घेऊन ऑफिसच्या पायऱ्या झिजवणाऱ्या किती जणी आठवतात बघा.) जन्मतारखा चुकल्या त्या वेगळ्याच. वर कित्येक नगरपालिकांनी नोंदी संगणकात गेल्यावर जुन्या वह्या फेकूनही दिल्या. म्हणजे मायग्रेशन तपासलं नाही आणि बॅकअपही पुसला!

हे सांभाळणारं खातं होतं सामाजिक विमा संस्था. ऑनलाइन यंत्रणा येत असताना, 1979 च्या सुमारास, तिथल्या युनियननं करार करून घेतला होता: 45 मिनिटं टायपिंग, मग 15 मिनिटं विश्रांती, आणि कीबोर्डवर दिवसाला सरासरी 5,000 च्या वर ठोके नाहीत. 2007 मध्ये ही गोष्ट बाहेर आली तेव्हा लोक भयंकर चिडले. मला विचाराल तर हा राग थोडा सोपा होता. मनगटं दुखेपर्यंत टाइप केलं असतं तरी युकोची हिरोको झालीच असती. चूक ठोक्यांच्या संख्येत नव्हती. टाइप केलेलं त्या माणसाला दाखवून खात्री करायची, ही पायरीच कुणी आखली नव्हती.

जानेवारी 1997 मध्ये सगळ्यांना एकच 'मूळ पेन्शन क्रमांक' दिला गेला, आपल्याकडे 2014 मध्ये पीएफसाठी यूएएन आला तसाच. तेव्हा जुन्या नोंदी होत्या सुमारे 30 कोटी. त्या नव्या क्रमांकांना जोडायच्या होत्या. धोरण असं की माणूस पेन्शन मागायला आला की जोडू. नऊ वर्षांनी, जून 2006 मध्ये, कुणालाही न जोडलेल्या नोंदी शिल्लक होत्या 5 कोटी 9 लाख 50 हजार.

हा आकडा संसदेत लावून धरला विरोधी पक्षाच्या आकिरा नागात्सुमांनी. एकच विषय इतका चिकाटीनं धरला की लोक त्यांना 'मिस्टर नेनकिन' म्हणायला लागले. 'किएता नेनकिन', म्हणजे नाहीशी झालेली पेन्शन, हा शब्द घराघरात गेला. जुलै 2007 च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत सत्ताधारी पक्ष 37 जागांवर आला आणि सप्टेंबरमध्ये पंतप्रधान शिंझो आबेंनी राजीनामा दिला. कारणं इतरही होती, पण पेन्शन त्यात फार वर होती. 2009 मध्ये सरकार बदललं आणि नागात्सुमा स्वतःच त्या खात्याचे मंत्री झाले. ती संस्था डिसेंबर 2009 अखेर गुंडाळली गेली आणि जानेवारी 2010 पासून नवी जपान पेन्शन सेवा सुरू झाली. तरीही 2014 मध्ये दोन कोटींच्या वर नोंदी बेवारसच होत्या.

नाहीशी झालेली पेन्शन निदान चुकीनं गेली. पुढं निघालं ते जास्त वाईट होतं: 'केसारेता नेनकिन', पुसून टाकलेली पेन्शन. कंपनीला वर्गणी भरता येईना की कामगारांचा पगार मागच्या तारखेपासून कमी दाखवायचा. पगार कमी म्हणजे वर्गणी कमी, थकबाकी गायब! कंपनी खूश, आणि वसुलीची टक्केवारी सुधारली म्हणून सरकारी ऑफिसही खूश. काही ठिकाणी अधिकाऱ्यांनीच ही वाट दाखवली होती. 2008 मध्ये सरकारनं अशा संशयास्पद नोंदींचा आकडा सांगितला: 69,000. कामगाराच्या स्लिपेवर मात्र पूर्ण कपात. बाबांचं वाक्य, दुसरं काय.

डिसेंबर 2007 मध्ये म्हणून एक खास कायदा झाला. कंपनीनं पगारातून पैसे कापले पण भरले नाहीत, हे पुराव्यानं सिद्ध झालं तर कामगाराची नोंद दुरुस्त होते. कंपनीनं भरलं नाही तर शेवटी सरकार भरतं. आणि एप्रिल 2009 पासून सुरू झालं ते हे पोस्टकार्ड. 2007 पर्यंत नोंद फक्त ऑफिसला दिसत होती, ती आता ज्याची त्याला दिसायला लागली. तेच मी दोन वर्षं कचऱ्यात टाकत होतो...

असो. दहा दिवसांनी पेन्शन ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी माझं रेसिडेन्स कार्ड पाहिलं, स्लिपांचा गठ्ठा पाहिला आणि विचारलं, "तुमचं नाव आणखी कसं लिहिलं जाऊ शकतं?"

आता हा प्रश्न मराठी माणसाला! पासपोर्टवर माझ्या नावाला चिकटून वडिलांचं नाव आहे. जुन्या कंपनीनं कानात सगळं लिहिलं होतं, नव्या कंपनीनं वडिलांना वगळलं, वर आडनावातला एक दीर्घ स्वरही ऱ्हस्व केला. माझी निळी पेन्शन वही जुन्या कंपनीच्या ड्रॉवरमध्ये राहिलेली, म्हणून नव्या कंपनीनं नंबर न देताच अर्ज भरला आणि मला मिळाला दुसरा क्रमांक. मीच एक बेवारस नोंद होतो, 2020 साली! बाईंनी जन्मतारखेवरून शोधलं, चार तऱ्हेनं नाव टाकलं, आणि निघाले की जुने महिने. 29.

पण हवे होते 30. मार्च 2020 कुठाय? मी 30 मार्चला राजीनामा दिला होता, कंपनीनंच "30 तारीख टाका" असं सुचवलं होतं. सदस्यत्व संपतं ते नोकरी सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि ज्या महिन्यात संपतं तो महिना मोजत नाहीत. 31 ला सोडली असती तर ते 1 एप्रिलला संपलं असतं आणि मार्च मोजला गेला असता. एका दिवसात कंपनीचा एक महिन्याचा हिस्सा वाचला. बेकायदा काहीच नाही. तो महिना मी राष्ट्रीय पेन्शनमध्ये भरला.

मग रक्कम. पेन्शन खऱ्या पगारावर नाही, 'ह्योजुन होशू' म्हणजे प्रमाणित पगाराच्या टप्प्यावर मोजतात. एप्रिल, मे, जूनच्या पगाराची सरासरी काढायची, ती ज्या टप्प्यात बसेल तो सप्टेंबरपासून वर्षभर लागू. दर सप्टेंबर 2017 पासून 18.3 टक्के, निम्मे कंपनीचे, निम्मे आपले. माझा टप्पा होता 2,60,000 आणि त्याचे 9.15 टक्के बरोबर 23,790. स्लिप आणि नोंद जुळली. मी निःश्वास सोडला.

बाईंनी स्लिपेवर पेन ठेवला. "हे काय?" मूळ पगार 2,50,000, येण्याजाण्याचा भत्ता 10,000, आणि खाली वेगळ्या चौकटीत घरभाडं भत्ता 40,000. रोख मिळणारा घरभाडं भत्ता पगारातच धरायचा असतो, प्रवासभत्तासुद्धा. म्हणजे टप्पा हवा होता 3,00,000 आणि कपात 27,450. कंपनीनं दर महिन्याला स्वतःचे 3,660 वाचवले आणि माझेही 'वाचवले'. खरं सांगतो, हातात पगार जास्त येतो म्हणून मी तेव्हा खूशच होतो. सहकाऱ्यांना सांगतही होतो, आपली कंपनी कपात कमी करते म्हणून.

2007 चा तो खास कायदा इथं उपयोगाचा नव्हता, कारण तो कापून न भरलेल्या पैशांसाठी आहे. माझे तर कापलेच नव्हते. राहिला साधा मार्ग: ऑफिसनं कंपनीला विचारायचं आणि फरक भरून घ्यायचा. पण वसुलीची मुदत दोन वर्षं. पत्रव्यवहारात 2021 उजाडलं, महिने एकेक करून मुदतीबाहेर गेले, आणि शेवटी दुरुस्त झाले 14, जानेवारी 2019 ते फेब्रुवारी 2020. माझ्या हिश्श्याचे 51,240 येन मी भरले, तेवढेच कंपनीनं. बाकीचे 15 महिने कायमचे 2,60,000 वर राहिले.

मी 2023 मध्ये पुण्याला परतलो. बरोबरच्या बऱ्याच जणांनी जपान सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज करून एकरकमी पैसे काढून घेतले. 2021 पासून ते जास्तीत जास्त 60 महिन्यांच्या हिशेबानं मिळतात, पण मग तो सगळा काळ नोंदीतून जातो. मी काढले नाहीत. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार 1 ऑक्टोबर 2016 पासून लागू आहे. जपानी पेन्शनला किमान 10 वर्षं लागतात (ऑगस्ट 2017 च्या आधी ती 25 होती!), आणि या करारानं भारतातल्या पीएफची वर्षं त्यात मोजता येतात. माझे जपानचे महिने कमी आहेत, पण भारतातली वर्षं धरून दहा भरतात. मात्र त्यासाठी दोन्ही देशांच्या नोंदीत मी एकच माणूस असायला हवा.

मागच्या शनिवारी म्हणून पीएफचं पासबुक उघडून बसलो. 2009 च्या माझ्या पहिल्या नोकरीच्या खात्यात वडिलांच्या नावाच्या जागी माझं आडनाव आहे, आणि आडनावाच्या जागी नुसतं टिंब. सोमवारी अर्ज देतोय.