रंगभूषा-व्यवसायातील स्त्रीबंदी

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत रंगभूषाकाराचे काम पुरुषांपुरते राखून ठेवणारा कामगार संघटनेचा नियम. सिने कॉस्च्युम मेक-अप आर्टिस्ट अँड हेअर ड्रेसर्स असोसिएशन या संघटनेत स्त्रीला सभासद होता येई ते केवळ केशभूषाकार म्हणून; चेहरा रंगवण्याचे कार्ड पुरुषालाच मिळे. १९५५ पासून चालत आलेला हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी रद्द केला.

मराठी रंगभूमीवर रंगपट ही दीर्घकाळ पुरुषांचीच जागा होती. स्त्रीभूमिका पुरुष करीत आणि त्यांना नटवणारेही पुरुषच असत. सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ एवढ्या सामग्रीवर नायिका उभी करण्याचे कसब त्यांनी कमावले होते. चित्रपटातही दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) स्त्री मिळाली नाही, म्हणून तारामती अण्णा साळुंके यांनी केली. पाठोपाठच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, मोहिनी झाली. रंगभूमीवर ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) या नाटकात ज्योत्स्ना भोळे व पद्माबाई वर्तक रंगमंचावर आल्या. अशा रीतीने नटीला जागा झाली. पण तिला नटवण्याचे काम पुरुषांकडेच राहिले. ही विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे जाई, आणि स्त्रीला शागिर्द करून घेण्याची रीतच नव्हती. पंढरीदादा जुकर यांच्यासारखे थोर रंगभूषाकार याच परंपरेत घडले. त्यांच्या कलेबद्दल आदर बाळगूनही म्हणावे लागते, की या परंपरेने अर्ध्या समाजाचे कसब वाया घालवले.

बंदीची ताकद कार्डात होती. कार्ड नसलेल्याला सेटवर काम करू द्यायचे नाही, असा दंडक असल्याने संघटनेबाहेर राहिलेल्या स्त्रीला मोठ्या निर्मितीत उघडपणे काम मिळणे अवघड होते. व्हॅनिटी व्हॅनच्या बंद दारामागे रंगभूषा करायची आणि श्रेय कार्डधारक पुरुषाच्या नावावर जाऊ द्यायचे, असे दिवस काढल्याचे या व्यवसायातील स्त्रियांनी सांगितले आहे. स्त्रियांना हे काम खुले केले तर पुरुषांचे पोट कसे भरणार, हा संघटनेच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद. तो टिकण्यासारखा नव्हता. पोट बाईलाही असते, आणि अनेकींच्या कमाईवर घर चालते.

चारू खुराना यांनी कॅलिफोर्नियात रंगभूषेचे शिक्षण घेतले होते. तरीही २००९ मध्ये संघटनेने त्यांना रंगभूषाकार म्हणून प्रवेश नाकारला. त्यांनी व इतर काही जणींनी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात रिट याचिका (क्र. ७८) दाखल केली. न्यायमूर्ती दीपक मिश्रा व उदय लळित यांच्या खंडपीठाने हा नियम १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याशी विसंगत आणि समानता, उपजीविका व प्रतिष्ठेने जगणे या घटनादत्त हक्कांचा भंग करणारा ठरवला. सभासदत्वासाठी महाराष्ट्रात पाच वर्षांच्या वास्तव्याची अटही याच निकालाने गेली. या दुसऱ्या भागाची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. ती व्हायला हवी होती. बाई आणि परप्रांतीय या दोघांनाही एकाच नियमावलीने दाराबाहेर ठेवले होते.

कार्ड मिळाल्याने सेट सुरक्षित होतोच असे नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती बंधनकारक करतो; पण चित्रपटाचे युनिट चित्रीकरण संपताच पांगते, आणि रोजंदारीवर आलेल्या मुलीने दाद मागायची कुणाकडे, हा प्रश्न तिच्यापुरता तसाच राहतो. केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये, विमेन इन सिनेमा कलेक्टिव्हच्या याचिकेवर, चित्रपटाच्या निर्मिती युनिटलाही ही समिती लागू असल्याचे स्पष्ट केले.

स्त्रियांच्या प्रवेशाबरोबरच रंगभूषेतील समावेशाचा दुसरा धागा त्वचेच्या रंगाचा. गोरेपणाला सौंदर्य मानणाऱ्या या उद्योगात सावळ्या अभिनेत्रीला उजळवण्याची रूढी जुनी आहे, आणि सावळी व्यक्तिरेखा हवी असली की उजळ चेहऱ्यालाच काळे केले जाते. ‘बाला’ (२०१९) या चित्रपटात भूमी पेडणेकर यांचा रंग असाच गडद करण्यात आला, तेव्हा सावळी अभिनेत्री का घेतली नाही, असा सवाल अनेकांनी जाहीरपणे केला होता.